पहिल्या पाळीची वाट कशाला? गर्भपातानंतरच्या गर्भनिरोधक साधनांबद्दल

गर्भपातानंतर घरी सोडताना अजूनही बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं, "आता एक पाळी येऊ दे, मग या, काय ते बसवू." दवाखान्याला हे सोयीचं असेल, बाईच्या दृष्टीने हा सल्ला साफ चुकीचा आहे. बीज सुटतं ते पाळीच्या आधी. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतही ते सुटू शकतं, आणि बहुतेकींचं महिनाभरात सुटतंच. त्यामुळे पाळीची वाट बघता बघता पुन्हा दिवस जातात. लवकर कळतही नाही, कारण अंगावरून थोडं थोडं जातच असतं, मळमळ "गोळ्यांच्या उष्णतेवर" ढकलली जाते. लघवीच्या तपासणीवरही भरवसा ठेवता येत नाही. आधीच्या गर्भाचं हार्मोन रक्तातून हळूहळू उतरतं, म्हणून चार आठवड्यांपर्यंत दोन रेघा येऊ शकतात.

लोकांचा हिशेब बाळंतपणावरून आलेला असतो. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी काही महिने लांबते, तसंच इथेही होईल असं वाटतं. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना गर्भपातानंतर पुढच्या गरोदरपणाआधी किमान 6 महिने जाऊ द्यावेत असं सांगते. ज्यांना मूल हवंच आहे त्यांनाही तेवढ्यापुरतं साधन लागतं.

कोणतं साधन कधी सुरू करायचं हे गर्भपात कसा झाला त्यावर ठरतं.

पिशवी सक्शनने साफ केली असेल तर गणित सोपं आहे. माला-एन (हार्मोनची रोजची गोळी), छाया (हार्मोन नसलेली गोळी) किंवा अंतरा (तीन महिन्यांचं इंजेक्शन) त्याच दिवशी सुरू करता येतं. पहिल्या सात दिवसांत सुरू केलं तर मध्ये दुसरं काही वापरावं लागत नाही. सात दिवस उलटले असतील तर गोळी किंवा इंजेक्शन सुरू केल्यावर पुढचा आठवडा निरोध वापरायचा. तांबी (कॉपर-टी) तर त्याच टेबलावर बसवता येते, पण आधी चार गोष्टींची खात्री हवी: पिशवी पूर्ण रिकामी आहे, जंतुसंसर्गाची लक्षणं नाहीत, पिशवीला किंवा तिच्या तोंडाला इजा नाही, आणि रक्तस्राव आटोक्यात आहे. ताप, घाण वास, दुखरी पिशवी यातलं काही असेल तर तांबी थांबवायची, आधी संसर्गावर उपचार करायचे आणि साधारण तीन महिन्यांनीच बसवायची. तोवर गोळ्या किंवा इंजेक्शन चालतं.

लगेच बसवलेली तांबी पडून जाण्याचं प्रमाण नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा थोडं जास्त असतं, हे खरं. पण "नंतर बसवू" म्हटलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी परत येतच नाहीत. सहा महिन्यांनी पाहिलं तर लगेच बसवलेल्या गटातच तांबी असलेल्या बायका जास्त निघतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: बाईला तांबी हवी असेल आणि वरच्या चारही गोष्टी ठीक असतील, तर पुढची तारीख देऊ नये. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या गर्भपातानंतर मात्र पिशवी मोठी असते, पडण्याची शक्यता आणखी वाढते, तिथे हात बसलेल्या डॉक्टरनेच बसवावी.

गोळ्यांनी गर्भपात होतो तेव्हा तीन तारखा लक्षात ठेवायच्या. पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅमची एक गोळी. साधारण तिसऱ्या दिवशी, म्हणजे 36 ते 48 तासांनी, मिसोप्रोस्टॉल 200 मायक्रोग्रॅमच्या चार. पंधराव्या दिवशी तपासणी. हे सगळं नऊ आठवड्यांच्या आत. माला-एन किंवा छाया तिसऱ्या दिवशी सुरू करावी. अंगावरून जातंय म्हणून थांबायची गरज नाही, हे दोनदा सांगावं लागतं, कारण रक्त चालू असताना गोळी घ्यायला बायका घाबरतात. अंतराचं इंजेक्शन पहिल्याच दिवशी मिफेप्रिस्टोनसोबत दिलं तर गर्भ तसाच वाढत राहण्याची शक्यता किंचित वाढते, म्हणून तिसरा दिवस बरा. पण जी बाई लांबच्या वाडीवरून आली आहे आणि पुन्हा येईल याची खात्री नाही, तिला हा धोका सांगून पहिल्या दिवशी द्यावं. तांबी मात्र पंधराव्या दिवशीच, पिशवी रिकामी झाल्याची खात्री करून. पहिल्या दिवसापासून पंधराव्यापर्यंतची ही फट अनेकींना महागात पडते, म्हणून जाताना निरोधची पाकिटं हातात द्यायची.

मेडिकलमधून नवऱ्याने चिठ्ठीशिवाय आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांच्या किटचा प्रश्न वेगळाच. त्यात किती आठवडे झाले हे कोणी पाहिलेलं नसतं, गर्भ पिशवीतच आहे की नळीत हे माहीत नसतं, आणि पुढच्या साधनाबद्दल बोलणारं तर कोणीच नसतं. अशी बाई आशाताईंना कळलीच तर ओरडण्यात वेळ घालवू नये. आधी तपासणीला न्यावं आणि त्याच भेटीत साधन द्यावं.

आता छाया. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी, हार्मोन नसलेली ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. ती चांगली आहे, पण चुका तिच्यातच सर्वाधिक होतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. रविवारी सुरू केली तर दुसरी बुधवारी, सोमवारी सुरू केली तर गुरुवारी. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, पहिल्या गोळीच्या वारी. गडबड होते ती दोन ठिकाणी. कोणी पहिल्या महिन्यातच एकीवर येतं, कोणी रोजच्या गोळीसारखी रोज घेतं. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. सात दिवसांच्या आत आठवलं तर पुढचे वार तेच ठेवायचे आणि पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त गेले तर पुन्हा आठवड्यातून दोनदा या हिशेबाने पहिल्यापासून. छायाने पाळी लांबते, हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून गोळी सोडते. पीसीओडी (बीजकोशात गाठी होण्याचा त्रास) असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ही गोळी नको.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. लोहाची गोळी चुकली तर गर्भ राहत नाही. घात होतो तो लोहाच्या गोळ्या संपल्यावर नवं पाकीट सुरू करायला दोन-तीन दिवस उशीर झाला की. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घेऊन पुढच्या वेळेवर चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोध. रक्तदाब 140/90 किंवा वर, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, टीबीची रिफॅम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या, सहा महिन्यांच्या आतलं अंगावरचं बाळ: यापैकी काही असेल तर माला-एन देऊ नये. हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटं पुरतात.

अंतराचं इंजेक्शन 150 मिलिग्रॅमचं, दर तीन महिन्यांनी. टोचल्यावर जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन असर कमी होतो. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत पुढचा डोस घेता येतो. पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही. त्याने रक्त पोटात साठत नाही. सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मूल हवं असेल तिला हे सुचवू नये. एक मोठा फायदा असा की घरात पाकीट सापडत नाही. सासूच्या नजरेखाली राहणाऱ्या बाईला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा असतो, तरी समुपदेशनात तो क्वचित निघतो.

नसबंदी ठरवूनच आलेली असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सक्शनसोबत ती करता येते. गोळ्यांनी गर्भपात केला असेल तर पुढच्या पाळीनंतर. टेबलावर झोपवल्यावर "दोन पोरं झालीत ना, मग करूनच टाकू" म्हणणं बरोबर नाही. नवऱ्याची नसबंदी लहान आणि सोपी, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात बायकांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3 टक्के दिसली. पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने आणि वीर्यतपासणी होईपर्यंत निरोध लागतोच. ते न पाळल्यामुळे राहिलेल्या गर्भाचा संशय बाईवर घेतला जातो.

"तांबी बसवलीस तरच पिशवी साफ करू" अशी अट घातली जाते, तिला कायद्यात कुठेच आधार नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपातासाठी साधन फसल्याचं कारण पूर्वी फक्त विवाहितेला देता येत होतं. गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असा बदल झाला, तेव्हा अविवाहित मुलीला साधन देताना भुवया उंचावायचंही कारण उरलेलं नाही. शिवाय जबरदस्तीने बसवलेली तांबी पंधरा दिवसांत दुसरीकडे जाऊन काढली जाते.

गर्भपाताला सहा आठवडे झाले तरी पाळी आली नाही, तर लघवी तपासावी. त्यात दोन रेघा आल्या तर अंदाज बांधत न बसता सोनोग्राफी करावी. त्याआधीही तासाला दोन मोठे पॅड असे सलग दोन तास भिजले, ताप एक दिवसाहून जास्त राहिला, एका बाजूला पोटात जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर पंधराव्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. मध्ये एखाद्या वेळी निरोध फाटला तर 72 तासांच्या आत 1.5 मिलिग्रॅमची तातडीची गोळी घ्यावी, जितकी लवकर तितकी बरी. ती गोळी घ्यायची वेळ महिन्यातून दोनदा येत असेल तर साधन बदलायला आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात जावं.