उझहोरोदचा फुटबॉल: गाव एक, देश चार

प्रागमध्ये राहून स्लाव्हिया या फुटबॉल क्लबचे सामने बघणाऱ्याच्या कानावर अलेक्सा बोक्शाय हे नाव कधी ना कधी पडतंच. १९३८ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलविरुद्ध खेळताना प्लानिच्काचा हात मोडला. स्लाव्हियाचा आणि चेकोस्लोव्हाकियाचा हा गोलकीपर तेव्हा जगातल्या उत्तम गोलकीपरांपैकी एक मानला जायचा. त्याच वर्षी सप्टेंबरात स्लाव्हियाने बुडापेस्टच्या फेरेन्त्स्वारोशला हरवून मित्रोपा कप ही मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, तेव्हा गोलमध्ये प्लानिच्काच्या जागी बोक्शाय उभा होता. हा बोक्शाय आला कुठून, तर उझहोरोदहून. तेव्हा ते चेकोस्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाच्या प्रांतातलं शहर होतं. आज ते युक्रेनच्या पश्चिम टोकाच्या प्रांतातलं शहर आहे. शहर आहे तिथेच आहे.

मला तिथे जायचं होतं ते त्याच्या जुन्या क्लबचा माग काढायला. आमच्या मावशीची मुलगी उझहोरोदच्या विद्यापीठात मेडिकलला होती, हे दुसरं निमित्त. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे शिकायला असायची. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं आणि ती सीमेवरच्या चोपवरून हंगेरीतल्या झाहोनीला, तिथून बुडापेस्टला आणि मग विमानाने घरी आली. मी निघतोय कळल्यावर तिचा फोन आला. "दादा, तिकडे पोचलास की आधी विचार, वेळ कुठली सांगताय? कीवची की लोकल?" या प्रश्नाकडे पुढे येतोच.

कसं जायचं

युक्रेनचं हवाई क्षेत्र नागरी विमानांना बंद आहे, त्यामुळे जायचं ते जमिनीवरूनच. प्रागहून रात्रीच्या ट्रेनने स्लोव्हाकियातल्या कोशित्सेला उतरायचं आणि तिथून बस पकडायची. अंतर शंभरेक किलोमीटर आहे. वाटेत मिखालोव्त्से लागतं, मग विश्ने नेमेत्स्केचा नाका. नाका ओलांडला की जवळजवळ शहरातच पाऊल पडतं. सीमा शहराला इतकी चिकटलेली आहे की उझहोरोद विमानतळाची धावपट्टी स्लोव्हाकियाच्या हद्दीपाशी संपते.

अंतर शंभर किलोमीटर असलं तरी वेळेचा हिशोब किलोमीटरवर करू नका. नाक्यावर अर्धा तासही लागतो आणि अर्धा दिवसही. आमची बस थांबली, सगळे उतरले, पासपोर्ट गोळा झाले, आणि भारतीय पासपोर्ट बघून अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारले: कुठे राहता, का जाताय, परत कधी. फुटबॉलसाठी चाललोय म्हटल्यावर तो मिनिटभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग शिक्का मारला. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि युरोपातला राहण्याचा परवाना हे तिन्ही कागदावर छापून हातात ठेवा. फोनवरचं दाखवायला गेलात की नेमकी तेव्हाच रेंज जाते.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाने युक्रेनमध्ये जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. त्याचे नियम युद्धकाळात बदलत राहतात, म्हणून युक्रेनच्या दूतावासाकडूनच खात्री करून घ्या. भारत सरकारची त्या वेळची सूचना वाचा आणि कीवमधल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर बाहेर पडलात की परतीचा रस्ता बंद, हेही लक्षात असू द्या. साधा प्रवास विमा युद्धात झालेलं नुकसान धरत नाही. पॉलिसीतलं ते कलम बारीक अक्षरात असतं, तरी वाचा.

सुरक्षेबद्दल सरळ सांगतो. पूर्वेकडच्या शहरांच्या मानाने हा प्रांत शांत राहिला आहे, पण 'तिथे काही होत नाही' असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इथून चाळीस किलोमीटरवरच्या मुकाचेवोत एका अमेरिकी कंपनीच्या कारखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. हवाई इशाऱ्याचं ॲप फोनवर घ्या, हॉटेलात शिरल्यावर तळघर कुठे आहे ते विचारा आणि रात्रीच्या संचारबंदीची चौकशी करा. पूल, रेल्वे स्थानकं, चौक्या आणि सैनिक यांचे फोटो काढू नका. पासपोर्ट कायम खिशात ठेवा.

मास्तरांचा संघ

आता ज्यासाठी गेलो ते. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत उझहोरोद ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, त्यानंतर ते चेकोस्लोव्हाकियात आलं. नव्या सरकारने या डोंगराळ, गरीब प्रांतात शाळा काढल्या आणि शाळांबरोबर शिक्षक आले. त्या शिक्षकांनी १९२५ मध्ये एस. के. रुस हा क्लब काढला. रुसिन म्हणजे इथले डोंगरातले स्लाव्ह लोक, त्यांचा हा क्लब. उझहोरोदमधले हंगेरियन आणि ज्यू यांचे संघ वेगळे होते.

खेळाडूंमध्ये बहुतेक मास्तरच. रविवारी सामना आणि सोमवारी वर्गात फळा. प्राग देशाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे रेल्वेने जाऊन-येऊन सोमवारची शाळा गाठणं अशक्य. म्हणून संघ विमानाने जायचा, असं सांगतात, आणि चेक वर्तमानपत्रांनी त्यांना 'उडते मास्तर' असं नाव ठेवलं. १९२९ पासून उझहोरोदला विमानतळ होता, तेव्हा ही गोष्ट निव्वळ दंतकथा नसावी. तिसाच्या दशकात असलं काही युरोपात फार क्लबांनी केलं नसेल.

१९३६-३७ मध्ये हा संघ चेकोस्लोव्हाकियाच्या पहिल्या श्रेणीत पोचला. म्हणजे स्लाव्हिया आणि स्पार्टा हे प्रागचे बलाढ्य क्लब उझहोरोदला येणार आणि मास्तर त्यांच्याशी खेळणार. एकच हंगाम टिकले आणि खाली गेले. बोक्शाय प्रागला गेला तो याच संघातून. मला विचाराल तर या गावच्या फुटबॉलचा पुढचा सगळा इतिहास त्या एका बदलीत आहे: इथे खेळाडू घडतात आणि मोठे होतात दुसरीकडे.

१९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनी आणि इटलीने केलेल्या व्हिएन्ना निवाड्याने शहर हंगेरीला दिलं. गावातले संघ आता हंगेरियन स्पर्धांत खेळू लागले आणि शहराचं नाव उंगवार झालं. १९४५ मध्ये प्रांत सोव्हिएत युनियनला जोडला गेला. घराबाहेर पाऊल न टाकता चार-पाच देशांचं नागरिकत्व भोगलेल्या आजोबांचा विनोद तुम्हाला इथे कोणीतरी ऐकवेलच. हसा, पण तो विनोद नाही, खरंच तसे लोक होते.

स्पार्टाक आणि कीवची ओढ

सोव्हिएत काळात स्पार्टाक उझहोरोद उभा राहिला आणि १९४६ मध्ये युक्रेन प्रजासत्ताकाचा अजिंक्य ठरला. पुढे १९५० आणि १९५३ मध्येही. मधल्या १९४७ मध्ये जिंकला तो शेजारच्या मुकाचेवोचा संघ. कालपर्यंत दुसऱ्या देशात असलेल्या या कोपऱ्याने आल्या आल्या सगळ्या युक्रेनला मागे टाकलं. कारण उघड आहे. हे खेळाडू मध्य युरोपचा, चेंडू जमिनीवर ठेवून पासिंग करण्याचा फुटबॉल शिकलेले होते.

ते कीवच्याही लक्षात आलं. डायनामो कीव ही गृहखात्याची संघटना आणि प्रजासत्ताकाचा पहिला क्लब, तिने हाक मारल्यावर नाही कोण म्हणणार? मिखाइलो कोमान असाच गेला आणि १९५४ मध्ये डायनामोने पहिल्यांदा सोव्हिएत कप जिंकला तेव्हा तो संघात होता. पुढे तो डायनामोचा नामवंत प्रशिक्षक लोबानोव्स्की याचा सहायक झाला. योझेफ साबो उझहोरोदमध्येच जन्मलेला हंगेरियन मुलगा. १९६१ मध्ये डायनामोने मॉस्कोबाहेर पहिल्यांदाच सोव्हिएत लीग नेली, त्या संघात तो होता. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये चौथ्या आलेल्या सोव्हिएत संघातही होता. पुढे स्वतंत्र युक्रेनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. वासिल तुर्यांचिक, फेदिर मेदविद ही नावंही याच मातीतली. वासिल रात्स उझहोरोदच्या क्लबमधून पुढे आला नाही, पण प्रांत हाच. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सविरुद्ध लांबून मारलेला त्याचा गोल जुन्या मंडळींना आठवत असेल.

क्लब मात्र खालच्या श्रेणीत राहिला. नावं तेवढी बदलत गेली. साठच्या दशकात वेर्खोविना, सत्तरच्या दशकात होवेर्ला, ऐंशीच्या दशकात झाकारपात्या, म्हणजे या प्रांताचंच नाव. होवेर्ला म्हणजे २,०६१ मीटरचं, युक्रेनमधलं सगळ्यात उंच शिखर. खालच्या श्रेणीतल्या क्लबला असं नाव देणाऱ्यांच्या आशावादाला दाद द्यायला हवी.

पाच वेळा वर

स्वतंत्र युक्रेनमध्ये नव्वदीचं दशक पडझडीत गेलं, तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरण झाली. २००१ मध्ये झाकारपात्या पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये पोचला आणि लगेच खाली आला. मग २००४ ला वर, २००६ ला खाली. २००७ ला वर, २००८ ला खाली. २००९ ला वर, २०१० ला खाली. २०१२ मध्ये पुन्हा होवेर्ला हे नाव घेऊन पाचव्यांदा वर आला आणि या वेळी चार हंगाम टिकला. पाचव्यांदा खाली यायची वेळच आली नाही. पैसा संपला, थकबाकीपायी गुण कापले गेले आणि २०१६ मध्ये क्लबच बंद झाला.

त्यानंतर शहराच्या नावाने एफ. सी. उझहोरोद आला आणि २०२० मध्ये दुसऱ्या श्रेणीपर्यंत चढला. शेजारच्या मिनाय गावाचा, २०१५ मध्ये स्थापन झालेला क्लब तर २०२० ते २०२४ चक्क प्रीमियर लीगमध्ये खेळला, तोही बऱ्याचदा उझहोरोदच्याच मैदानावर. जुने समर्थक यातल्या कोणाला वारस मानायचं यावर अजून भांडतात. मैदानाशेजारच्या बाकावर भेटलेल्या एका निवृत्त गृहस्थांचं मत स्पष्ट होतं: "मिनाय म्हणजे बस थांब्याचं नाव." गृहस्थ उझहोरोदचे म्हटल्यावर हे मत किती निष्पक्ष ते तुम्हीच ठरवा.

मैदान आणि गाव

ते मैदान म्हणजे अवानहार्द, साधारण बारा हजार आसनांचं. मी गेलो तेव्हा सामना नव्हता, दहा-बारा वर्षांच्या मुलांचा सराव चालू होता. रखवालदाराने थोडी कुरकुर करून आत सोडलं. प्रशिक्षक युक्रेनियनमध्ये ओरडत होता, गोलमधला पोरगा बचावपटूंना हंगेरियनमध्ये काहीतरी सांगत होता, आणि बचावपटूंना दोन्ही कळत होतं. एका मुलाला लांब पास द्यायची फार हौस. प्रशिक्षकाने त्याला तीनदा थांबवून जवळच्याकडे पास द्यायला लावलं. इथल्या फुटबॉलबद्दल वाचलेलं सगळं मला त्या पाच मिनिटांत दिसलं.

सामना बघायचा असेल तर हंगामाचं वेळापत्रक आधी तपासा, कारण खालच्या लीगमध्ये कुठला संघ कधी नाव काढून घेईल याचा नेम नाही. हल्ल्यापासूनच्या आसऱ्यात किती माणसं मावतात यावर प्रेक्षकांची संख्या ठरते आणि हवाई इशारा वाजला की खेळ थांबतो. दीड तासाचा सामना चार तासही चालू शकतो.

आणि आता तो वेळेचा घोळ. घड्याळ अधिकृतपणे कीवचं. पण इथले कितीतरी लोक आजही 'लोकल' वेळ पाळतात, म्हणजे मध्य युरोपची, एक तास मागची. हॉटेल, बस, रेल्वे, सामना हे सगळं कीवच्या वेळेने. कोणा माणसाला भेटायचं ठरवलंत तर मात्र विचारून घ्या. बाकावरच्या गृहस्थांनी मला दुसऱ्या दिवशी 'दहाला' बोलावलं होतं. बहिणीचं वाक्य आठवलं म्हणून विचारलं, तर त्यांचे दहा म्हणजे कीवचे अकरा.

गाव पायी फिरण्याजोगं आहे. एप्रिलच्या मध्यावर आलात तर चेकोस्लोव्हाक काळापासूनच्या साकुराच्या झाडांना बहर असतो, पण तेव्हा हॉटेलं महागतात. माली हलाहोव हा त्याच काळात बांधलेला भाग अवश्य पाहा, मास्तरांचा क्लब ज्या राजवटीत जन्मला तिचा थाट तिथे कळतो. उझ नदीकाठची लिंडेनच्या झाडांची रांग दोन किलोमीटरहून लांब आहे. किल्ल्याशेजारच्या खुल्या संग्रहालयात अठराव्या शतकातलं लाकडी चर्च आहे. कलासंग्रहालयावर बोक्शाय हे नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका, तो योसिप बोक्शाय, चित्रकार. गोलकीपर वेगळा.

खाण्यात बोग्राच मागवा, हंगेरियन पद्धतीचा मांसाचा तिखटसर रस्सा. शाकाहारी असाल तर बानोश, म्हणजे मक्याच्या पिठाचं साईत शिजवलेलं, वर मेंढीचं चीज घातलेलं प्रकरण. वर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात, ते नको म्हणून आधीच सांगा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी बाजारासाठी थोड्या रिव्निया रोख ठेवा.

एक दिवस हाताशी असेल तर मुकाचेवोला जाऊन या. पालानोक किल्ला आहेच, शिवाय १९४७ च्या विजेत्यांचं गाव. परतीला शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार टाळा, नाक्यावर गाड्यांची रांग हलत नाही. मी मंगळवारी सकाळी निघालो आणि दुपारचं जेवण कोशित्सेत केलं.