नऊ तासांचं बँकॉक आणि रातांब्याचा भाऊ

मे महिन्यातला शनिवार. आई आणि मी मुंबईहून मेलबर्नला ताईकडे निघालो होतो. मध्ये बँकॉकला नऊ तासांहून थोडा जास्त मुक्काम. ताईने फोनवर बजावलं होतं, "आईला उन्हात फिरवू नकोस, लाउंजमध्ये पडून राहा." त्यावर आई म्हणाली, "पडायचंच तर चिपळूणला काय वाईट होतं?"

विषय मिटला.

भारतीय पासपोर्टवर तेव्हा थायलंडला व्हिसा लागत नव्हता. मात्र १ मे २०२५ पासून तिथे उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करायची. 'ट्रान्झिट प्रवासी, राहणार नाही' अशी खूण करायची सोय त्यात असते, त्यामुळे हॉटेलचा पत्ता कुठून आणायचा हा प्रश्न सुटला. मोठ्या बॅगा मुंबईहून थेट मेलबर्नला गेल्या होत्या. सुवर्णभूमी विमानतळावर 'ट्रान्स्फर'च्या बाणामागे न जाता आम्ही इमिग्रेशनच्या रांगेत लागलो. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास दाखवला, शिक्का बसला. सहा वाजून वीस मिनिटांनी उतरलो होतो, बाहेर पडलो तेव्हा साडेसात झाले होते.

रांगेतच उलटा हिशोब केला. विमान चारला. म्हणजे दीडपर्यंत विमानतळावर, म्हणजे बाराला बाजारातून पाय काढायचा. हे आईला सांगितलं. तिने मान हलवली, पण हातातलं घड्याळ काही पुढे केलं नाही. "राहू दे भारताचंच. तुझ्या बाबांच्या गोळीची वेळ कळते."

पैसे तळमजल्याखाली, रेल्वे स्टेशनाशेजारच्या खिडक्यांवर बदलले. वरच्या हॉलपेक्षा तिथला भाव बरा होता. एअरपोर्ट रेल्वेने मक्कासान, तिथून उंचावरच्या पादचारी पुलाने पेच्चबुरी मेट्रो (बुरी म्हणजे आपली पुरीच) आणि मग थेट कांपेंग पेत. जाताना मेट्रोच्या दारात बॅगा तपासतात. आईच्या पिशवीतल्या थालीपिठांकडे रखवालदाराने जरा रोखून पाहिलं, एवढंच.

मला जायचं होतं चातुचाकला. शनिवार-रविवारी भरणारा प्रचंड बाजार, २७ विभाग, हजारो गाळे. पण तिथली दुकानं नऊनंतर हळूहळू उघडतात आणि आम्ही नऊच्या ठोक्यालाच पोचलो. म्हणून आधी रस्त्यापलीकडच्या ऑर तॉर कॉर बाजारात शिरलो. हे नाव म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी पणन संस्थेचं थाई लघुरूप. छप्पर उंच, लाद्या कोरड्या, भाव चढे. आईला तिथून हलवताना माझा घाम निघाला.

आधी फणस. सोललेले पिवळेधमक गरे, थाळीत रचून ठेवलेले. "कापा आहे," आईने लांबूनच निकाल दिला. मग ड्युरियन. हे फळ मेट्रोत न्यायला बंदी आहे, यावरून वासाची कल्पना यावी. मी नाक दाबलं. आईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बरक्या फणसात कुणीतरी कांदा चिरलाय." दुसरा मात्र घेतला नाही. नाम दोक माय आंबा तिने खाल्ला आणि काही बोलली नाही. रत्नागिरीच्या माहेरवाशिणीकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

मँगोस्टीनपाशी मात्र ती खिळली. जांभळी, जाड सालीची गोल फळं. विक्रेतीने एक दोन्ही तळव्यांत दाबून फोडलं. आत लसणाच्या कुड्यांसारख्या पांढऱ्या पाकळ्या. "अरे, हा तर रातांबा!" आणि खरंच, मँगोस्टीन आणि आपलं कोकम एकाच गार्सिनिया वंशातली. विक्रेतीला मराठी येत नव्हतं, आईला थाई. तरी विक्रेतीने फळ उलटं करून बुडावरचं छोटं फूल दाखवलं, त्याच्या पाकळ्या बोटाने मोजल्या, सहा, मग फळ फोडून आतल्या मोजल्या. सहाच! आईने लगेच पाच फळं उलटी करून ताडून पाहिली. एक किलो घेतले. साल बोटांना लागली आणि आमसुलाचा डाग पडतो तसा डाग पडला.

तिथेच एका गाळ्यावर पिवळ्या कागदावर लाल अक्षरं होती, आपल्याला '17' वाचता येतील अशी. तो थाई शब्द 'जे'. म्हणजे मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. शाकाहारी माणसाने बँकॉकमध्ये एवढं एक चिन्ह ओळखायला शिकावं, कारण साध्या भाजीतही माशाचा सॉस पडलेला असतो. भात आणि मशरूमची भाजी खाल्ली. थालीपिठं तशीच राहिली.

चातुचाकला जेमतेम सव्वा तास मिळाला. मधला घड्याळाचा मनोरा खुणेला धरला की गल्ल्यांत चुकलं तरी परत सापडता येतं. तरीही आम्ही दोनदा त्याच कुंड्यांपाशी आलो. मग आईला दगडी खलबत्ता दिसला. करड्या दगडाचा, जड, देखणा. "वाटपाला असाच हवा." मी समजावलं: केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा, हा एकटाच निम्मी खाईल. शिवाय बत्ता सुरक्षा तपासणीत हत्यार ठरायचा. मोठी बॅग तर आधीच पुढे गेलेली. याच कारणाने मिरचीच्या चटणीची बरणीही घेता आली नाही, शंभर मिलीच्या वरची. चिंच घ्यावी तर पुढे ऑस्ट्रेलिया, तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. शेवटी ताईच्या लेकीला हत्तीची चित्रं असलेली सुती पायजमी घेतली. आईचं तोंड एवढंसं.

"चल, बारा वाजले."

"कुठे? साडेदहा तर झालेत."

ती मनगट पुढे करून उभी. तो दीड तास तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण मेट्रो लगेच मिळाली. सव्वाला विमानतळावर होतो.

आत गेल्यावर समुद्रमंथनाचा भव्य देखावा आहे, देव एका बाजूला, दानव दुसऱ्या. आईने वासुकीला नमस्कार केला आणि गेटजवळ पिशवी उघडली. सात मँगोस्टीन उरले होते. ते ऑस्ट्रेलियात न्यायचे नव्हते, टाकायचेही नव्हते. शेजारच्या दोन कोरियन मुलींना तिने एकेक दिलं, उलटं करून, बुडावरचं फूल दाखवत.

मुलींनी मोजलं. पाच.

"फोडा आता," आई मराठीतच म्हणाली.