पाच किलो बरोबर, दोन किलो चूक: वजनकाटा कमांड लाइनवर आणताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट आहे, पण तो कधीच वापरात नव्हता. काट्यावरचा आकडा बघायचा आणि संगणकात टाइप करायचा, अशी पद्धत. पहाटेच्या रांगेत घाईघाईने एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की उत्पादकाचं थेट नुकसान. सचिवांनी विचारलं, हा आकडा काट्यातूनच घेता येईल का? मला हे काम मनापासून करायचं होतं.

संस्थेत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलेला आहे, त्याला मॉनिटर नाही. त्यामुळे सगळं एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करून, कमांड लाइनवर आज्ञा टाइप करूनच करायचं होतं. आरएस-२३२ ला यूएसबीशी जोडणारी एफटीडीआय चिपची केबल लावली, डीमेसेज या लिनक्सच्या नोंदींमध्ये पोर्टचं नाव दिसलं: टीटीवाययूएसबी०. उघडायला गेलं की परवानगी नाही. डेबियन लिनक्समध्ये हा पोर्ट डायलआउट या ग्रुपच्या ताब्यात असतो. युजरमॉड या आज्ञेने स्वतःला त्या ग्रुपमध्ये घातलं, एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, झालं.

काटा जोडण्याआधी केबल तपासून घ्यावी. पिन २ वर माहिती येते, ३ वरून जाते. या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की पाठवलेलं आपल्यालाच परत मिळतं. पण त्याआधी पोर्ट कसा वागेल ते ठरवणारी ‘एसटीटीवाय -एफ पोर्ट -एको’ ही आज्ञा द्यायलाच हवी. एको चालू असेल तर लिनक्स आलेलं प्रत्येक अक्षर परत पाठवतो, ते तारेवरून पुन्हा येतं, आणि हे चक्र थांबतच नाही. एसटीटीवायमध्ये वजा चिन्ह म्हणजे ती सोय बंद, चिन्ह नसेल तर चालू. हे एकदा डोक्यात बसलं की ‘-ए’ दिल्यावर येणारी लांबलचक यादी वाचता येते.

काट्याचं माहितीपुस्तक कुणाकडेच नव्हतं. म्हणून नेहमीच्या जोडणीने सुरुवात केली: वेग सेकंदाला ९६०० बिट, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. आलेला मजकूर पडद्यावर दाखवणारा कॅट लावला आणि रिकाम्या काट्याचं ‘+००.००’ लगेच दिसायला लागलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी काळ्या चौकटीतलं एक प्रश्नचिन्ह तेवढं येत होतं. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, “शून्य तर बरोबर दावतंय की!” मग पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवलं, ‘+०५.००’ आलं. दोन किलोचं ठेवलं तर दोनच्या जागी प्रश्नचिन्ह. एक किलोचंही तेच, दहाचंही तेच.

वेग चुकला असता तर शून्यंही नीट आली नसती. म्हणजे ९६०० बरोबर होतं, गडबड दुसरीकडे होती. अशा वेळी पडद्यावरच्या चिन्हांकडे बघून काही कळत नाही, कच्चे बाइट बघावे लागतात. कॅटऐवजी ‘हेक्सडंप -सी’ लावला, तो प्रत्येक बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत दाखवतो. आस्की या अक्षरसंकेतांच्या तक्त्यात २ या अंकाचा संकेत हेक्समध्ये ३२. इथे येत होता बी२. एकचा ३१ हवा, तर बी१. पाचचा मात्र चोख ३५. प्रत्येक चुकलेल्या बाइटमध्ये फरक एकच, सर्वांत वरचा आठवा बिट चालू झालेला.

तिथे उलगडा झाला. काटा सातच डेटा बिट पाठवत होता आणि आठवा होता सम पॅरिटीचा. सम पॅरिटीत एक असलेल्या बिटांची एकूण संख्या सम ठेवायची असते. ०, ३, ५, ६ आणि ९ यांच्या संकेतांत ती मुळातच सम आहे, म्हणून पॅरिटी बिट शून्य राहतो आणि अंक जसाच्या तसा दिसतो. १, २, ४, ७, ८ यांच्यात ती विषम, म्हणून पॅरिटी बिट एक होतो आणि अंक बिघडलेला दिसतो. ओळीच्या शेवटचं कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्हही विषम गटातलंच, ते सतत येणारं प्रश्नचिन्ह त्याचं होतं. सात बिट अधिक पॅरिटी काय आणि नुसते आठ बिट काय, स्टार्ट व स्टॉप धरून दोन्हींची लांबी दहा बिटच. त्यामुळे लिनक्सलाही कुठे काही खटकत नव्हतं. ३६.५० किलोचा कॅन ठेवला असता तर सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं! म्हणून नव्या काट्याची चाचणी घेताना दहाही अंक समोर येतील अशी वजनं ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

आयस्ट्रिप नावाचा पर्याय आठवा बिट कापून टाकतो, त्यानेही आकडे सरळ दिसले असते. मला तो पटला नाही. काटा पॅरिटी पाठवतोय ती चूक पकडता यावी म्हणून, आणि इथे प्रश्न लोकांच्या पैशाचा आहे. त्यामुळे ओळ अशी ठरली: ‘एसटीटीवाय -एफ पोर्ट रॉ -एको ९६०० सीएस७ पॅरेनबी -पॅरॉड -सीस्टॉपबी इन्पीसीके’. म्हणजे आलेले बाइट जसेच्या तसे, सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट आणि पॅरिटीची तपासणी चालू. रॉ आधी आणि इन्पीसीके नंतर, हा क्रम महत्त्वाचा, कारण रॉ पॅरिटीची तपासणी बंद करतो. तपासणी चालू असली की बिघडलेल्या अक्षराच्या जागी शून्य बाइट मिळतो. असा बाइट असलेली ओळ स्क्रिप्ट टाकून देते आणि पुढच्या वाचनाची वाट बघते. काटा सतत आकडे पाठवत असतो, त्यामुळे रांग खोळंबत नाही.

गावात वीज जाते, केबल कुणीतरी काढून पुन्हा लावतं, आणि मग पोर्ट यूएसबी१ होऊन बसतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘डेव्ह’ खालच्या ‘सीरियल’मधल्या ‘बाय-आयडी’ फोल्डरातलं नाव दिलं. त्यात चिपचा अनुक्रमांक असतो, तो बदलत नाही. एसटीटीवायची ओळ स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आहे, कारण वीज गेली की जुनी जोडणी पुसली जाते.

काट्यानंतर दुधातलं फॅट मोजणारं मशीनही असंच जोडलं, त्याला यातलं काहीच लागलं नाही. वेग २४००, आठ बिट, पॅरिटी नाही. एका ओळीत ते बोलायला लागलं.