दिवसाचा दर ११,५०० आणि परचेसमधले नऊ आठवडे

‘पगाराला तीसने भागलं की झाला तुमचा दिवसाचा दर.’ हे वाक्य मला चाकणच्या एका कंपनीच्या परचेस खात्यात ऐकवलं गेलं, त्याला आता बरेच महिने झाले. अजूनही आठवलं की डोकं तापतं. नव्याने फ्रीलान्सिंगमध्ये उतरणाऱ्या कुणाला त्या टेबलासमोर तयारीशिवाय बसायला लागू नये, म्हणून सगळं लिहून काढतेय.

मी वेब डेव्हलपर. नऊ वर्षं नोकरी केली. सोडली तेव्हा माझं पॅकेज वर्षाला १४ लाख होतं. पहिले काही महिने ओळखीतली कामं ठोक रकमेवर घेतली आणि प्रत्येक वेळी हात पोळले, कारण ‘एवढं एक छोटंसं करून द्या’ कधी संपतच नाही. म्हणून ठरवलं, यापुढे दिवसावर काम. ब्रिटनमधले कंत्राटी डेव्हलपर असाच दर सांगतात. आपल्याकडे अजून महिन्याचा किंवा पूर्ण प्रोजेक्टचा आकडा विचारतात.

चाकणची ही कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते. त्यांना डीलर लोकांसाठी ऑर्डर घेण्याचं पोर्टल हवं होतं. त्यांच्या आयटी खात्याच्या साहेबांनी माझं आधीचं काम पाहिलं, दोन बैठका झाल्या, २२ दिवसांचा अंदाज आणि ११,५०० रुपये दर त्यांनी मान्य केला. इथपर्यंत एक आठवडासुद्धा लागला नाही. ४ नोव्हेंबर २०२४ ला फाइल परचेसला गेली. तिथे ती नऊ आठवडे पडून राहिली.

पहिल्या भेटीत परचेसच्या साहेबांनी विचारलं, ‘मॅडम, शेवटचा पगार किती होता?’ मी सांगितला, आणि तीच माझी मोठी चूक. जुना पगार कुणालाही सांगू नका, त्याचा या व्यवहाराशी संबंध नाही. त्यांनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर जवळ ओढला, १४ लाखांना बाराने भागलं, मग तीसने, आणि कॅल्क्युलेटर फिरवून माझ्यासमोर धरला. त्यावर ३,८८८.८८ असा आकडा होता. ‘राउंड फिगर चार हजार करून टाकू.’ ते दरडावत नव्हते, शांतपणे बोलत होते. त्यांना तो हिशोब खरोखरच बरोबर वाटत होता.

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. घरी येऊन माझा दर कसा बसतो ते वहीत मांडलं. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सण आणि राष्ट्रीय सुट्ट्या १२, स्वतःची रजा १५, आजारपण ८. राहिले २२६. यात नवीन काम शोधणं, कोटेशन बनवणं, बिलांचा पाठपुरावा, नवीन फ्रेमवर्क शिकणं, दोन कामांमधली रिकामी जागा. याचे पैसे कोणी देत नाही. माझ्या आधीच्या वर्षाच्या नोंदी पाहिल्या तर बिल लागलेले दिवस भरले १४५. आता खर्च: लॅपटॉपची झीज, आरोग्य विमा (कंपनीचा गेला, आता स्वतःचा), सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट, गरजेपुरतं को-वर्किंगचं टेबल, आणि जो पीएफ आता कोणी भरत नाही तो. असे धरले अडीच लाख. जुन्या पगाराचे १४ लाख आणि हे अडीच, म्हणजे १६ लाख ५० हजार. भागिले १४५ म्हणजे ११,३७९. म्हणून ११,५००. या दराने वर्षभर काम मिळालं तर मी जवळपास माझ्या जुन्या पगाराइतकीच कमावते.

हाच कागद टाइप करून मी दुसऱ्या भेटीत नेला. साहेबांनी तो नीट वाचला. दर बदला असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. मला वाटलं, सुटलो. मग आला व्हेंडर (पुरवठादार) नोंदणीचा फॉर्म.

तो फॉर्म कारखान्यांसाठी बनवलेला. शेडचं क्षेत्रफळ, कामगारांची संख्या, मशिनरीची यादी, वजनकाटा आहे का. मी ‘लागू नाही’ लिहून दिला, तो परत आला, कारण सिस्टिम रिकामं किंवा ‘लागू नाही’ घेत नव्हती. शून्य लिहून दिला, चालला. मग जीएसटी क्रमांक. माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत, त्यामुळे नोंदणी बंधनकारक नाही. त्यासाठी घोषणापत्र लेटरहेडवर हवं. लेटरहेड नव्हतं, ते बनवलं. ते सहीसह पाठवलं तर शिक्का नाही म्हणून परत. कोथरूडमधून शिक्का करून आणला. कॅन्सल चेकवर माझं नाव छापलेलं नव्हतं, म्हणून बँकेचं पत्र. प्रत्येक फेरीत आठ-दहा दिवस जायचे, कारण एका वेळी एकच चूक सांगायचे. आधीच सगळी यादी लेखी मागा. मी ती पाचव्या आठवड्यात मागितली आणि त्याच संध्याकाळी मिळाली.

शेवटी परचेस ऑर्डर निघाली, तर त्यात लिहिलेलं: ‘पोर्टल बनवणे, १ नग, २,५३,०००.’ म्हणजे जे टाळायला दिवसाचा दर ठरवला तेच पुन्हा आलं, ठोक रक्कम. कारण विचारलं तर त्यांच्या सिस्टिममध्ये ‘दिवस’ हे एककच नव्हतं. किलो होतं, मीटर होतं, नग होतं. इथे आयटीच्या साहेबांनी मार्ग काढला: २२ नग, दर ११,५००, आणि वर्णनात ‘१ नग म्हणजे ८ तासांचा १ दिवस, जास्तीचे दिवस लेखी मंजुरीनंतर वेगळे.’ नग अर्धा होत नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसांच्या जोड्या लावून बिल करायचं ठरलं. ही ऑर्डर हातात आली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की त्याच रात्री कामाला बसले. काम मात्र सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच सांगते, त्यांच्या ऑफिसात बैठकीला बोलावलं की तो पूर्ण दिवस धरायचा हे आधी ठरवा. कोथरूडहून चाकणला जाऊन-येऊन तीन तास सहज जातात.

ऑर्डरवर पैसे द्यायची मुदत ६० दिवस छापलेली होती. ती मी बदलून घेतली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, असं २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याचं कलम १५ सांगतं. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते, एक रुपया लागत नाही. फी मागणारं संकेतस्थळ दिसलं तर लगेच बंद करा. आणि ही नोंदणी काम सुरू होण्याआधी करा, पैसे अडकल्यावर नाही.

बिल १४ फेब्रुवारीला दिलं. अकाउंट्सवाल्यांना उद्यम प्रमाणपत्राची प्रत पुन्हा जोडून १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) ची आठवण केली: आमच्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच दाखवता येतो. २७ मार्चला २,२७,७०० जमा झाले. उरलेले २५,३०० म्हणजे १० टक्के टीडीएस, पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. तो बुडालेला नसतो, आपल्या पॅनवर जमा कराच्या आयकर खात्याच्या तक्त्यात (माझ्या वेळी २६एएस) दिसतो. दर ठरवताना मात्र लक्षात ठेवा की ते पैसे रिटर्न भरेपर्यंत हातात येत नाहीत.

हो, एक राहिलंच. त्या वर्षी मी १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४४एडीए कलमाखाली निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरत होते, आणि त्यात वर्ष संपायच्या आधीच भरायच्या कराचा, म्हणजे अॅडव्हान्स टॅक्सचा, एकच हप्ता होता, १५ मार्चला. माझे चाकणचे पैसे त्यानंतर बारा दिवसांनी आले आणि मला तो हप्ता एफडी मोडून भरावा लागला. आता प्रत्येक बिलातला पंधरा टक्के भाग वेगळ्या खात्यात जातो, आणि दराच्या कागदावर मी जुन्या पगाराची ओळ ठेवलेली नाही.