दोन ड्रायव्हर, आणि एकही चालू नाही

हळदीच्या ऐन हंगामात सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानातून फोन आला. लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, अपडेट झाली आणि वायफायचं चिन्हच गेलं. बाहेर सौदे सुरू होते, शेतकरी पट्टीसाठी थांबले होते. "कार्ड गेलं असेल तर नवीन टाका," दिवाणजी म्हणाले.

कार्ड गेलं असतं तर जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय -एनएनके' या कमांडमध्ये ते बहुधा दिसलंच नसतं. इथे ब्रॉडकॉम बीसीएम४३१३, ओळख क्रमांक १४ई४:४७२७, असं स्वच्छ दिसत होतं. फक्त त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नव्हती. कार्ड ठीक, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, त्याला लागलेला नाही.

आधी पट्ट्या. मशीन रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या मेनूच्या, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून अपडेटच्या आधीचा जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडला. वायफाय लगेच आलं, दिवाणजी कामाला लागले. दुरुस्ती सौदे आटोपल्यावर.

डीकेएमएस हे बाहेरचे ड्रायव्हर कर्नलसाठी बांधून देणारं साधन; 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये कारण सापडलं. कुणीतरी पूर्वी 'डब्ल्यूएल' हा बंदिस्त ड्रायव्हर ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस पॅकेजमधून टाकला होता. तो प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो आणि त्यासाठी त्याच कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) लागतात. टाकणाऱ्याने 'युनेम -आर'चा, म्हणजे चालू कर्नलच्या आवृत्तीचा, आकडा जोडून फक्त त्या दिवशीच्या कर्नलचे हेडर्स घेतले होते. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे मेटापॅकेज, म्हणजे नेहमी ताज्या आवृत्तीकडे बोट दाखवणारं पॅकेज, घेतलं असतं तर नवे हेडर्स कर्नलसोबत आपोआप आले असते.

मग कर्नलमध्येच असलेला दुसरा ड्रायव्हर, 'बीआरसीएमएसमॅक', पुढे का आला नाही? कारण तेच पॅकेज '/ईटीसी/मॉडप्रोब.डी'मध्ये एक फाइल ठेवतं, तिच्यात बी४३, एसएसबी, बीसीएमए आणि बीआरसीएमएसमॅक ब्लॅकलिस्ट केलेले, म्हणजे आपोआप लोड होण्यापासून अडवलेले, असतात. डब्ल्यूएल बांधला गेला नाही तरी ही फाइल जागेवरच. एक ड्रायव्हर नाही आणि दुसऱ्याला दार बंद.

निवड करताना कंपनीचं नाव बघून उपयोग नसतो, ओळख क्रमांक बघावा. बीसीएम४३१२ला (क्रमांकाचा दुसरा भाग ४३१५) बी४३ आणि वेगळं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) चालतं. बीसीएम४३१४२ला (४३६५) डब्ल्यूएलशिवाय इलाज नाही. ४३१३ मात्र डब्ल्यूएल आणि बीआरसीएमएसमॅक या दोन्हीवर चालतं. डब्ल्यूएलची मूळ आवृत्ती २०१५च्या पुढे गेलेली नाही. नव्या कर्नलवर ती पॅच लावून चालवतात आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर डिजिटल सहीही करावी लागते. बीआरसीएमएसमॅक कर्नलबरोबरच येतो. ज्या दुकानात पुढची अपडेट कुणी बघणार नाही, तिथे माझं मत बीआरसीएमएसमॅकला. त्याची एक खोट आहे: ४३१३वर काही लॅपटॉपांत सिग्नल कमी पकडतो.

क्रम इथे महत्त्वाचा. जुन्या कर्नलवर इंटरनेट आहे तोवर सोर्सेसमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' आहे ना हे बघून बीआरसीएमएसमॅकला लागणारं 'फर्मवेअर-बीआरसीएम८०२११' टाकून घेतलं. ते टाकायचं राहिलं तर नवा ड्रायव्हर लोड होऊनही जाळं दिसत नाही, आणि तोवर जुना काढलेला असतो. मग डब्ल्यूएलचं पॅकेज काढायला 'एपीटी पर्ज', 'रिमूव्ह' नव्हे, कारण रिमूव्हने ब्लॅकलिस्टची फाइल मागे राहते. शेवटी 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू'ने सुरुवातीला लोड होणारी फाइल नव्याने बनवून नव्या कर्नलवर रीबूट. आता 'ड्रायव्हर इन यूज'समोर 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' आलं. हे नाव बघून गोंधळू नये, बीआरसीएमएसमॅक त्याच्याच मागे असतो. लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी देणाऱ्या 'एलएसमॉड'मध्ये खात्री होते.

गादीजवळ, राउटर समोर असताना, काही अडलं नाही. आत थप्प्यांमागे, भिंतीपलीकडे मात्र जोडणी तुटायला लागली. सकाळी डब्ल्यूएलवर तिथेही मिळत होती. तेवढ्यासाठी डब्ल्यूएल परत हवा असेल तर मेटापॅकेजसह टाकता येईल, असं दिवाणजींना सांगितलं. "गोदामात लॅपटॉप नेतो कोण," म्हणाले. बीआरसीएमएसमॅकच ठेवला.