ताडोबा : जंगल उत्तम, मुक्काम फसलेला

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे चौघे पुण्याहून ताडोबाला जाऊन आलो. जंगलाविषयी माझी काहीच तक्रार नाही. फसले ते हॉटेल, आणि त्यातला निम्मा दोष माझाच आहे, कारण आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मी नकाशा उघडून पाहिला नव्हता. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यातून तिकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून घडले ते लिहून ठेवत आहे.

हॉटेलच्या जाहिरातीत ‘ताडोबा गेटपासून 5 किलोमीटर’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि ते खोटे म्हणता येणार नाही. मात्र ते अंतर एका बफर गेटपासूनचे, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्याच्या गेटपासूनचे होते आणि आमचा परवाना मोहर्ली गेटचा, म्हणजे कोअर क्षेत्राचा, जंगलाच्या गाभ्याचा होता. चंद्रपूर शहराच्या एका बाजूला मोहर्ली आणि दुसऱ्या बाजूला आमचे हॉटेल, अशी परिस्थिती असल्यामुळे रोज पहाटे शहर ओलांडून 35 किलोमीटरहून अधिक जाणे भाग होते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोअर क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचे बफर सुमारे 1,100 चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले की ‘ताडोबाजवळ’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही कोअरची प्रवेशद्वारे आहेत, परवान्यावर ज्या गेटचे नाव असेल तेथूनच आत सोडतात, आणि खाजगी गाडीने जंगलातून आरपार जाण्याची सोय नाही. मोहर्लीला मुक्काम करून कोलाऱ्याची सफारी घेतली, तर बाहेरून वळसा घालण्यात दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून आधी सफारीचे गेट निश्चित करावे, परवाना हाती आल्यावरच त्या गेटच्या गावात खोली शोधावी. आम्ही नेमके उलटे केले होते.

प्रवासाचा भाग मात्र सुरळीत पार पडला. पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या दौंड, मनमाड, भुसावळ, बडनेरा या मार्गाने वर्ध्यावरून जातात. चंद्रपूर नागपूरच्या दक्षिणेला असल्यामुळे, मोहर्लीकडे जायचे असेल तर नागपूरपर्यंत जाऊन मागे वळण्यापेक्षा वर्ध्याला उतरून हिंगणघाट, वरोरामार्गे गाडीने जाणे मला सोयीचे वाटले. कोलारा किंवा नवेगाव गेट असेल तर नागपूरला उतरून उमरेड, भिवापूर, चिमूर हा रस्ता धरावा.

दुपारी दोनच्या सुमारास हॉटेलवर पोहोचलो तेव्हा पारा 42 अंशांच्या पुढे होता. आम्हाला ‘जंगल व्ह्यू’ खोली दिली होती. तिची खिडकी लग्नाच्या लॉनवर आणि लॉनच्या कडेला ठेवलेल्या जनरेटरवर उघडत होती. लॉनच्या पलीकडे सागाची दहा-बारा झाडे होती, त्यांनाच जंगल समजायचे. एसी लावला तर पंखा फिरे, पण हवा गार होत नसे. ‘दुपारी व्होल्टेज नसते’ असे सांगून हॉटेलातल्या पोऱ्याने कूलर आणून दिला. त्याच्या वाळ्याच्या ताट्या इतक्या कोरड्या होत्या की हात लावताच भुसा गळून पडला; बादलीने पाणी ओतावे तर पंप बंद. न्हाणीघरात त्याहून मजेशीर प्रकार होता. पाण्याची काळी टाकी उघड्या गच्चीवर असल्यामुळे दुपारी गार पाण्याच्या नळाला हात पोळण्याइतके गरम पाणी येत होते, आणि पहाटे चारला, जेव्हा खरोखर कोमट पाणी हवे होते, तेव्हा गीझरचा दिवासुद्धा लागला नाही. सासूबाईंनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हेच आमचे त्या दिवशीचे दुपारचे जेवण झाले, कारण स्वयंपाकघर संध्याकाळच्या वऱ्हाडासाठी राबत होते.

त्या लग्नाची कल्पना आम्हाला कोणीही दिली नव्हती. डीजे रात्री साडेबारापर्यंत चालला. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास बंदी आहे आणि जंगलालगतच्या भागात तर ती अधिक कसोशीने पाळली जायला हवी, असे मी व्यवस्थापकाला सांगितले, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काका, लग्नघर आहे, एका रात्रीचा प्रश्न आहे, जरा सांभाळून घ्या.” पावणेचारला उठायचे होते. उठलो, तर फाटकाला कुलूप, रखवालदार गाढ झोपेत आणि किल्ली व्यवस्थापकाच्या खोलीत. सोबत देऊ म्हणून कबूल केलेला नाश्ता तयार करणारेही कोणी जागे नव्हते. उन्हाळ्यात मोहर्लीचे गेट पहाटे साडेपाचच्या सुमारास उघडते. आम्ही पोहोचलो तेव्हा आमची जिप्सी सोडून बाकी साऱ्या आत गेल्या होत्या. गाइड शांतपणे एवढेच म्हणाला, “चला साहेब, धूळ बसली असेल आता.”

आत गेल्यावर रात्रीचा राग बराच निवळला. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गोंडकालीन दगडी खांब ओळीने उभे आहेत, त्यांच्यापाशी मुलीने गाडी दोनदा थांबवायला लावली. मोहाची फुले गळून पडलेली होती आणि त्यांच्यावर चितळांचा कळप तुटून पडला होता. चितळांनी एकदा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याचा इशारा दिला, पण वाघ बांबूतून बाहेर आला नाही. तलावाच्या काठी एक मगर मात्र तासभर हलली नाही.

दुसऱ्या दिवसाची सफारी हॉटेलच्या पॅकेजमध्ये होती. कागद हाती आल्यावर कळले की ती बफरची आहे. पॅकेजमध्ये केवळ ‘ताडोबा जंगल सफारी’ असे लिहून मोकळे झाले होते. बफर कमी प्रतीचे असते असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण आम्हाला वाघीण दिसली ती तिथेच, पाणवठ्यात मागचे पाय बुडवून बसलेली, आणि आमच्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. आक्षेप आहे तो किमतीला आणि लपवाछपवीला. हॉटेलमार्फत सफारी घेणार असाल तर गेटचे नाव, कोअर की बफर, तारीख, आणि सकाळची फेरी की दुपारची, हे सारे लेखी मागून घ्यावे. शक्य असेल तर वनखात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच आरक्षण करावे. परवान्यावरील नावे ओळखपत्राशी जुळावी लागतात, ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवावी लागते, आणि मोबाइल आत नेता येत नसल्यामुळे छायाचित्रांसाठी वेगळा कॅमेरा लागतो. मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद असते, हे विसरून रेल्वेची तिकिटे काढणारे मी स्वतः पाहिले आहेत.

दुसऱ्या रात्री आम्ही तेथे थांबलो नाही. मोहर्ली गावात एका घरगुती मुक्कामी खोली मिळाली, जवळजवळ निम्म्या भाड्यात. खोली साधी होती, पण कूलरच्या ताट्या ओल्या होत्या, झुणका-भाकरी ताजी होती, आणि घरच्या बाईंनी पहाटे साडेचारला न सांगता चहा दिला. गेटपर्यंत चालत पाच मिनिटे लागली. त्याच गावात पर्यटन महामंडळाचे निवासही आहे. सुटीच्या दिवसांत ते काही महिने आधीच भरते.

उरलेल्या रात्रीचे पैसे परत देण्यास व्यवस्थापकाने आधी साफ नकार दिला. मी जाहिरातीचा आणि पॅकेजच्या कागदाचा फोटो दाखवला, जीएसटीसह पक्के बिल मागितले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्याच्यासमोरच लावला. फोन लागायच्या आतच ‘मालकांशी बोलतो’ म्हणून तो आत गेला. निम्मी रक्कम तिथल्या तिथे मिळाली, बाकीची आठवडाभरात पाठवतो असे म्हणाला. आज तेवीस दिवस झाले. खात्यात अजून काही जमा झालेले नाही, आणि हेल्पलाइनकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक मी पाकिटात ठेवला आहे.