पेंटर, कास्तकारावर काऊन नाही काढत?

मागच्या महिन्यात नागपूरहून दोन पोरं आली. पत्रकारिता शिकणारी. व्यंगचित्रकारांच्या मुलाखती घेत हिंडत होती. तालुक्याच्या गावातल्या माझ्यासारख्या पेंटरपर्यंत कशी पोचली देव जाणे. मोबाइल तिपाईवर लावला आणि पहिली दहा मिनिटं निब कोणती, शाई कोणती, कल्पना कुठून येतात. मी खूश. मग मुलीनं वहीचं पान उलटलं आणि मला कळलं, आता आलं.

"सर, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. मग शेतकऱ्यावर का नाही काढत?"

हेच मला कृषी केंद्रवाला विचारतो. निवडणूक आली की पक्षाची पोरं विचारतात. त्यांना कास्तकार नको असतो, समोरच्या उमेदवाराच्या डोक्यावर आदळायला कास्तकाराचं मढं पाहिजे असतं. माझा जावईसुद्धा विचारून चुकला. उत्तरं माझ्याजवळ तयार आहेत. हात थरथरतो. (नंबर प्लेट अजून पट्टी न लावता रंगवतो, त्यामुळे हे कुणाला पटत नाही.) डोळ्याला दिसत नाही. पेपरवाले आता छापतात कुठं. तिन्ही अर्धी खरी आहेत. बाकीचं अर्धं एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

मी काढायचो तेव्हा चित्र एसटीनं जायचं. लिफाफा कंडक्टरच्या हाती द्यायचा, पेपरचा माणूस स्टँडवरून उचलायचा. मुंबईचा व्यंगचित्रकार संध्याकाळची बातमी ऐकून रात्री चित्र देतो आणि सकाळी लोक हसतात. माझं चित्र पोचेस्तोवर बातमी शिळी झालेली असायची. म्हणून मी शिळे न होणारे विषय धरले: रात्रीची लाइन, कापसाचा भाव, पटवारी, सावकार. हे विषय आमच्याकडे आज काढा की पाच वर्षांनी काढा, तारीख तेवढी बदलायची.

जागा एका कॉलमाची, जेमतेम दोन बोटं रुंद. चित्र दुप्पट मोठं काढायचं, छापताना ते आक्रसतं. बारीक रेघा जवळजवळ मारल्या की पेपरच्या कागदावर शाई फुटून नुसता काळा डाग उरतो. एवढ्या जागेत वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हा कास्तकार आहे आणि हा मेला आहे. मग काय काढणार? वाळकं झाड, दोर, धोतर, पागोटं, भेगा पडलेली जमीन. सगळे तेच काढतात. मीही काढलं.

आता त्या भेगांचं ऐका. आमची जमीन काळी, कापसाची. ती दर उन्हाळ्यात फाटतेच. पीक सोळा आणे झालं त्या वर्षीही फाटते. जुनी माणसं म्हणतात, ही जमीन आपली आपणच नांगरून घेते. तिला भेगा नाही पडल्या तर कास्तकार घाबरेल. आणि आमचा माणूस धोतर कधीचा सोडून बसला. तो फुलपँट घालतो आणि वर बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेला टी-शर्ट, छातीवर टरारलेल्या बोंडाचं चित्र. धुऱ्यावर जन्म गेलेला मी, मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण टी-शर्ट काढला तर लोकांना तो ऑटोवाला वाटेल, अशी भीती. आर. के. लक्ष्मणांबद्दल सांगतात की आधी ते चित्रात प्रांताप्रांतांची पुष्कळ माणसं काढायचे; वेळ पुरेना तशी कमी करत करत एकावर आले. तो त्यांचा कॉमन मॅन, धोतर आणि चौकटीचा कोट. त्यांनी निदान स्वतःचा माणूस स्वतः घडवला होता. माझा आयता होता.

2006 साल. कास्तकारांच्या आत्महत्या गाजत होत्या. जुलैच्या 1 तारखेला पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं. कधी नव्हे ते दिल्लीचे पत्रकार आमच्या स्टँडवर चहा पिताना दिसू लागले. ज्या संपादकाला आठवड्याचं एक चित्र जड व्हायचं तो म्हणाला, कास्तकारावर रोज एक दे. मी दिलं. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले होते. रोज छापून येण्याची नशा असते.

आत्महत्या झालेल्या घराला सरकारची मदत एक लाखाची. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पण आधी समिती बसायची आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवायची. कर्ज बँकेचं किंवा सोसायटीचं असलं तर कागद असतो. सावकाराचं तोंडी असलं तर काय दाखवणार? त्यावर मी काढलं: झाडाला लटकलेला कास्तकार, खाली टेबल मांडून बसलेला बाबू, चष्मा कपाळावर, विचारतो, "कर्जाची पावती जोडली का?"

आजही म्हणतो, चित्र चांगलं होतं. लोकांनी कापून ठेवलं.

चार-पाच दिवसांनी दुकानावर एक बाई आली. तिशीची असेल. सोबत सात-आठ वर्षांचं पोरगं. मला वाटलं पोळ्यासाठी बैलाच्या शिंगांचा रंग पाहिजे असेल. तिनं पिशवीतून ते कात्रण काढलं, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं.

"पेंटरभाऊ, हे तुमीच काढलं नं? तुमाले कोनं सांगतलं आमचं?"

मी म्हटलं, बाई, हे कुणाचं नाही, हे असंच.

"असंच कसं? सायबानं मले हेच इचारलं. पावती आना म्हने."

तिला वाटत होतं पेपरात आलं म्हणजे तिचं म्हणणं खरं ठरलं. ते कात्रण ती अर्जाला पुरावा म्हणून जोडणार होती. फक्त एक अडचण होती. "पन ते झाडाले नाही लटकले भाऊ. कोठ्यात औषध पेले. रिपोटात तसंच हाय. याच्यात दोर हाय, मंग साहेब म्हनन हे दुसऱ्याचं. तेवढं खोडून डबा काढून देता का?"

मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. म्हटलं, छापलेलं बदलत नाही. ती म्हणाली, "तुमच्याच हातचं हाय नं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

झिरो नंबरचा ब्रश घेतला. पांढऱ्या पोस्टर कलरनं दोर झाकला, झाकली गेली तेवढी बाहेर आलेली जीभ झाकली. पेपरचा कागद मळकट, त्यावर पांढरं वेगळंच उठून दिसत होतं. बाजूला औषधाचा डबा काढला. आणि पाहतो तर दोर गेला तरी माणसाचे पाय जमिनीपासून वरच. कशालाच न धरता तो बाबूच्या डोक्यावर अधांतरी उभा होता. पोरगं इतका वेळ टेबलाला नाक लावून पाहत होतं. ते म्हणालं, "बाबा टीसट घाले." आईनं त्याला मागं ओढलं.

जाताना ती म्हणाली, "उद्या तहसिलात याल का भाऊ? तुमी सांगतलं तं ऐकतीन." मी म्हटलं, येतो.

गेलो नाही. त्या तहसिलाच्या भिंतींवर योजना रंगवायचं काम माझ्याकडे होतं आणि बिल अडकलेलं होतं. मी स्वतःला समजावलं, व्यंगचित्रकार म्हणजे वकील नव्हे. चित्र काढलं की काम संपलं. तेव्हाच्या मला आज दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं. पण तोही उलटून विचारतो: तू गेला असतास तर पावती उगवली असती का? आणि मी गप्प बसतो, कारण तोही बरोबर आहे.

महिनाभरानं बिलासाठी गेलो. ज्या बाबूला काढलं होतं (काढलं तसा कुणी नव्हता, पण होताच) तो उठून उभा राहिला. "या पेंटर! काय काढलं बे, मस्त!" त्याच्या टेबलाच्या काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी, माझं चित्र. त्याला राग आलाच नव्हता. त्यानं चहा मागवला, आणि माझं बिल त्याच दिवशी निघालं.

ते कात्रण त्यानं स्वतः कापलेलं होतं की बाईच्या अर्जावरचं, हे कळायला वाकून दोराच्या जागी पांढरं आहे का तेवढं पाहायचं होतं. मी वाकलो नाही. चहा पिऊन आलो. बाई पुढे भावाच्या गावी गेली असं ऐकलं. तिचं प्रकरण पात्र झालं का, ते मी कुणाला विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका बाबूनं काचेखाली ठेवलं म्हणून कुणी चित्र सोडतं का? पोळ्याला आमच्याकडे बैलांसमोर झडत्या म्हणतात, टोमणे मारणारी यमकाची गाणी. सरकारपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तोंडावर हाणतात आणि सरपंच तिथंच बसून हसतो. मग झडती म्हणणारा का नाही सोडत? मला वाटतं, बैल त्याचा असतो म्हणून. हेही कदाचित मी सोयीचं शोधून काढलेलं आहे. मनोहर सप्रे चंद्रपुरात राहून, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून व्यंगचित्रं काढत होते, वाळक्या लाकडातूनही आकार काढत होते. तेव्हा गाव आडवं आलं म्हणायची सोय मला नाही.

त्यानंतर कास्तकार काढलाच नाही असंही नाही. 2017 मध्ये जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. मग भिंती रंगवायचं काम निघालं. मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट घातलेला कास्तकार मी फुटाच्या दरानं अकरा भिंतींवर काढला. भर दुपारी, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, एवढं सगळं घालून फवारणारा माणूस. एक म्हातारा सायकल थांबवून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हा कोन्या गावचा हाय गा?" माझ्या चित्राला मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच, आणि ते व्यंगचित्र नव्हतं.

हे सगळं पोरांना सांगितलं. मोबाइल मध्येच बंद पडला होता, म्हणून त्यातलं किती त्यांच्याजवळ आहे माहीत नाही. शेवटी मुलगा म्हणाला, सर, कॅमेऱ्यासमोर एक काढून दाखवा, काहीही.

मी टी-शर्ट काढला. छातीवर बोंड, त्याखाली कंपनीचं अर्धं पुसलेलं नाव, बगलेत उसवलेली शिवण. बाह्या, मान. मग निब धुवून पुसली.

"सर, चेहरा?"

"उद्या आहात का?" मी विचारलं.

त्यांना पाचची एसटी धरायची होती.